पियानोवालीचा शेवट

२ फेब्रुवारी

ताई,

रागावलेली आहेस तर रागावलेलीच राहा, पण हे पत्र फाडू नकोस. तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट न उघडता परत आलं, म्हणून हे तुझ्या कोर्टाच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथे आलेला कागद नोंद केल्याशिवाय कुणाला फेकता येत नाही, हे तूच एकदा सांगितलं होतंस. फोन तू उचलत नाहीस. तेव्हा आता हे असं, जुन्या हॉलिवूडच्या बायकांसारखं टेबलाशी बसून. फरक इतकाच की त्या पत्र लिहितात तेव्हा दिव्याचा उजेड नेमका गालावर पडतो आणि डोळ्यातला थेंब नेमका एकाच अक्षरावर. माझ्या टेबलावर प्लॅस्टरची भुकटी आहे आणि शेजारी कुणाचा तरी खालचा जबडा वाळत पडलाय.

काल दुपारी तो जहाजावरचा पिक्चर परत लागला होता. तोच, ज्यात पत्त्यांत फसवणारा नायक श्रीमंत विधवेला फसवायला जातो आणि स्वतःच अडकतो. लहानपणी आपण दोघी त्याच्यावर जीव टाकायचो. आता मी फक्त त्याचे दात बघते. कवळ्या करून करून माझी नजर बिघडलीय, दुसरं काय. खाणीतला मजूर असो, दरोडेखोर असो, नाहीतर वाळवंटात पाण्यावाचून रांगत आलेला सैनिक असो, सगळ्यांचे दात एकाच साच्यातून काढलेले. माझ्याकडे मापाला येणारी माणसं अशी असती तर मी उपाशी मेले असते.

बाकी माझी मतं होती तीच आहेत. त्या पिक्चरांत कुणी ताटातलं संपवत नाही. फोन ठेवताना कुणी 'ठेवते' म्हणत नाही. बायका झोपेतून उठतात तेव्हाही ओठांचा रंग जागच्या जागी. आणि नोकरी करणारी तडफदार बाई असली की शेवटच्या पाच मिनिटांत ती कुठल्यातरी बावळटासाठी नोकरी सोडणार, हे ठरलेलं. त्या पाच मिनिटांचा मला अजूनही राग येतो. तरी बघते. नाद म्हणजे नादच.

आता मुद्द्याचं.

बाबा आपल्याकडे राहायला येताहेत. पाहुणे म्हणून नाही, कायमचे. ज्यांच्याकडे ते राहत होते त्या तिकडच्या बाई वारल्या, त्यांच्या मुलाला हे नकोत. मार्चअखेर येतील. आईने हो म्हटलंय. मला तिने विचारलं नाही, सांगितलं. येताना साबण आण म्हणतात तसं. "मागच्या खोलीतले तुझे दातांचे खोके हलव," म्हणाली, "ते येणार आहेत."

मी म्हटलं, "आई, इतक्या वर्षांनी?"

"मग इतकी वर्षं थांबले ती कशाला?"

बाबांना चार पावलं चालल्यावर धाप लागते. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. मधे मी. परत आलेला नवरा हॉलिवूडमध्ये नेहमी धडधाकट असतो, कानाजवळ दोन पांढरे केस एवढंच त्याचं म्हातारपण. त्याला आंघोळ कोण घालणार हा प्रश्न तिथे कधी आलेलाच नाही. ही त्यांची सगळ्यात मोठी लबाडी आहे असं माझं मत झालंय.

ताई, तू ये. एक दिवस ये. आणि आईला पियानोवालीचा शेवट सांग. खरा.

तुझी,
ट्रेलर

१६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. तुझ्या कोर्टात साक्षीदार गप्प राहिला तर न्यायाधीश काय करतात? कोर्टाचे पिक्चर मला कधीच पटले नाहीत, ते यामुळेच. तिथे वकील नुसतं बोट रोखतो आणि साक्षीदार ढसाढसा रडून गुन्हा कबूल करतो. मागच्या बाकावरची बाई उभी राहून किंचाळते. तू इतकी वर्षं लोकांचं बोलणं शब्दन् शब्द टाइप करतेस, एकदा तरी असं झालं का गं?

तू माझ्यावर का चिडलीस, हे मला नीट कळलेलं नाही. गेल्या वर्षी बाबा पहिल्यांदा आले तेव्हा दार मी उघडलं, एवढाच माझा गुन्हा. तू सुट्टीला आली होतीस, स्वयंपाकघरात होतीस. तासाभरात तुझी बॅग भरलेली होती. "तू दार उघडलंस," एवढंच म्हणालीस मला. बेल वाजल्यावर माणूस दार उघडतं, ताई.

आई मागची खोली रोज थोडी थोडी आवरते. खिडकीच्या काचा पुसल्या. खोलीत खुर्ची ठेवली, मग हलवून उजेडाकडे ठेवली. ती गुणगुणते, आणि मला ते बघवत नाही. आपली आई गुणगुणणाऱ्यांतली नव्हती कधी.

मी मागचं सगळं उगाळत बसलेय. तुला माहीत असलेलंच लिहिते. कुणाशी कधी बोललेले नाही, तेव्हा कागदाशी बोलते.

आई थेटरात तिकीटखिडकीवर होती आणि रविवारी सकाळी जुन्या हॉलिवूड पिक्चरचा खेळ असायचा. आपल्याला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून आपण बाहेर जायच्या दाराजवळच्या दोन लोखंडी खुर्च्यांवर. पिक्चर सुरू झाला तरी आईची खिडकी उघडीच, उशिरा येणाऱ्यांसाठी. मग ती खिडकी बंद करून आत यायची, आपल्यामागे भिंतीला टेकून उभी राहायची. पिक्चर रंगात आला की डोअरकीपर टॉर्च हलवायचा. "बाई, खिडकी." दुपारच्या खेळाची रांग लागलेली असायची. आई जायची.

त्या नोकरीत आईने शेकडो पिक्चर बघितले, पण सुरुवात एकाची नाही आणि शेवटही एकाचा नाही. सगळे मधलेच.

मग जेवताना आपली कामं वाटलेली. सुरुवात मी सांगायची, शेवट तू. म्हणून तू माझं नाव ट्रेलर ठेवलंस. मी सुरुवात अगदी जशीच्या तशी सांगायचे, कुणी कुठला कोट घातला होता इथपर्यंत. आणि तू शेवट सांगायचीस. काय सांगायचीस गं! मी स्वतः बघून आलेला शेवट तुझ्या तोंडून परत ऐकताना मला नवा वाटायचा.

बाबा घर सोडून गेले त्यानंतरच्या रविवारी पियानोवालीचा पिक्चर होता.

छोटं गाव, बर्फ, पियानो शिकवणारी बाई. नवरा फिरता विक्रेता, एक दिवस गेला तो आलाच नाही. मधला सगळा पिक्चर ती वाट बघते. आई भिंतीला टेकून तो मधला भाग बघत होती. मी एकदा मागे वळून बघितलं आणि परत नाही वळले. मग टॉर्च हलला. ती गेली. आणि मग त्या पिक्चरमध्ये नवरा आला. फाटकाशी उभा राहिला, हातात पेटी, टोपीवर बर्फ. बाईने खिडकीतून त्याला बघितलं. शिकायला आलेल्या मुलीने विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, "कुणी नाही. तू वाजव." आणि तिने पडदा ओढला. संपलं.

आई तेव्हा जेवत नव्हती. ताट वाढून घ्यायची आणि चिवडून उठायची. त्या दिवशी मी सुरुवात सांगितली. मग तिने विचारलं, "आला का तो?"

तू वाढता वाढता टेबलाआडून मला चिमटा काढलास आणि म्हणालीस, "आला ना. तिने दार उघडलं. त्याच्या बुटांना बर्फ लागलेला होता. ती म्हणाली, पाय पुसा आणि आत या."

आई हसली. "एवढंच म्हणाली?"

"एवढंच."

आणि ती जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तिने.

त्यानंतर तू किती शेवट बदललेस याचा हिशेब नाही. बुडालेली जहाजं किनाऱ्याला लागली, नोकरी सोडणाऱ्या बायकांनी नोकऱ्या टिकवल्या. पण वाट बघायला तिला त्या एका शेवटाने बसवलं, ताई. म्हणून म्हणते, ये. मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. शेवट हे माझं खातंच नव्हतं.

ट्रेलर

४ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच. मायना नाही, सही नाही, टाइप केलेल्या दोन ओळी. "तिला तो पिक्चर पूर्ण दाखव. आणि त्या दिवशी ती त्याला काय म्हणाली ते आठव."

आधी मी चिडले. म्हटलं, लांब राहून हुकूम सोडायला काय जातं? हिचं निभावतं, कारण मी इथे आहे. असं बरंच काही मनात बोलले, ते इथे लिहीत नाही. मग कामावर गेले. मेण तापवत होते आणि एकदम आठवलं.

बाबा दारात उभे होते. मी बाजूला झाले. आई आतून आली, पदराला हात पुसत. बघत राहिली. आणि म्हणाली, "पाय पुसा आणि आत या."

बाहेर ऊन होतं. त्यांच्या चपला कोरड्या होत्या. तरी त्यांनी पाय पुसले.

तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. तुझं तोंड पांढरंफटक पडलं, ते मी बघितलं होतं, पण मला वाटलं बाबांना बघून. ताई, मला खरंच कळलं नव्हतं. तुझंच वाक्य होतं ते. तेराव्या वर्षी ताट वाढता वाढता केलेलं. ते इतकी वर्षं तिने जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर जसंच्या तसं म्हटलं. तू माझ्यावर चिडली नव्हतीस. तुझी तुलाच भीती वाटली.

आता माझंही एक ऐक. बाबा पहिल्यांदा आपल्या दारात नाही आले, माझ्या कामाच्या जागी आले होते. वरचे दात सगळे गेलेले, कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणे, आपली मुलगी आहे हे कळून आले की न कळता, ते मला अजून माहीत नाही. मी माप घेतलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मी साच्यात मसाला भरून टाळूला दाबून धरला. तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि माझा हात त्यांच्या हनुवटीखाली होता. तिथे त्यांनी काही विचारलं असतं तर मी कदाचित हाकलून दिलं असतं. ते बोलू शकत नव्हते म्हणून मला दया आली. घराचा पत्ता मीच दिला.

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. कवळी अजून पूर्ण केलेली नाही. रोज हातात घेते आणि ठेवून देते.

पिक्चर शोधते. जुन्या पिक्चरवाल्यांच्या ज्या गटात मी रोज इंटरनेटवर भांडते, तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत. माझ्याशी त्यांचं एका मतावर जमत नाही. मी म्हणते काळ्यापांढऱ्यात बर्फ जास्त गार वाटतो, ते म्हणतात हा अडाणीपणा आहे. पण त्यांच्याकडे नसलेला पिक्चर नाही. मागून बघते.

ट्रेलर

१३ मार्च

ताई,

दाखवला. सकाळीच दाखवला, रविवार होता म्हणून. आईला म्हटलं, पियानोवालीचा पिक्चर मिळालाय, बघणार का? ती साडी बदलून आली. घरातल्या घरात पिक्चर बघायला.

सुरुवात झाली तशी ती पुढे सरकून बसली. पहिल्या दृश्यात ती पियानोवाली आणि तिचा नवरा गाडीत बसून हसत असतात, आठवतं? आई म्हणाली, "ही हसायची?"

"मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस. पण इतकी हसायची?"

मधला भाग आला. तिथून तिला सगळं पाठ. पियानोवाली कधी उठणार, कधी कॅलेंडरचं पान फाडणार, ही आधीच सांगायची. मी तिच्याकडे बघत होते, पिक्चरकडे नाही. आणि एका जागी, ताई, तिचा पाय चपला शोधायला लागला. डोळे पडद्यावर आणि पाय जमिनीवर चाचपडतोय. टॉर्च हलायची वेळ झाली होती. तिला कळतही नव्हतं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस आई. खिडकी नाहीये आता."

ती बसली.

नवरा आला, फाटकाशी उभा राहिला. आईच्या ओठांवर ते वाक्य आलेलं मी बघितलं. मग त्या बाईने म्हटलं, कुणी नाही, तू वाजव. आणि पडदा ओढला.

'द एंड'ची पाटी आली. संगीत संपलं. मग आई म्हणाली, "परत लाव. शेवटचंच."

लावलं. तिने परत बघितलं. मला वाटलं आता ती चिडेल. तुझ्यावर, माझ्यावर, निदान त्या पियानोवालीवर. ती म्हणाली, "हे तिने बघितलं होतं?"

"कुणी?"

"ताईने. हे असं पडदा ओढणं बघून ती घरी आली?"

"हो."

"केवढी होती गं ती?"

"तेरा."

"आणि मी विचारलं, आला का तो. तिच्या हातात वाढायचा डाव होता. ती थांबलीसुद्धा नाही." मग तिचा आवाज फुटला. "बाप गेला त्याला आठ दिवस झाले नव्हते. तिलाही कुणीतरी काही सांगायला हवं होतं. तिने मला सांगितलं, मी जेवले. तिला मी काय सांगितलं?"

आई रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना बघितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. पिक्चरमध्ये अशा वेळी कुणीतरी रुमाल पुढे करतं, तो नेहमी इस्त्रीचा असतो. मी तिला टेबल पुसायचं फडकं दिलं. तिने त्याच्यातच नाक पुसलं.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मग बाबांचं काय?"

"त्यांचं काय? ते येताहेत." आणि ती उठून मागच्या खोलीत गेली. चादर घातली पलंगावर, नवी.

म्हणजे काही झालं नाही, ताई. पालथ्या घड्यावर पाणी. उलट मी तिला रडवलं ते वर. तू म्हणालीस तसं केलं, आता पुढे काय करायचं ते तरी सांग. मला भीती वाटते. ते इथे आले की मी या घरात त्यांना औषध देत, त्यांची कवळी धूत म्हातारी होणार, आणि आई खुर्ची उजेडाकडे सरकवत राहणार. आणि तू येणार नाहीस. हेच सगळ्यात वाईट. बाकीचं मी सोसेन असं वाटतं, हे नाही सोसणार.

ट्रेलर

२६ मार्च

ताई,

काल ते आले. बसून वाच.

सकाळी आईने केस विंचरले, चहाचं आधण ठेवलं. बेल वाजली तशी मी उठले. ती म्हणाली, "तू बस. तू उघडलंस की ताई चिडते." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला माहीत होतं म्हणजे.

तिने दार उघडलं. सताड उघडलं. बाबा एक बॅग घेऊन उभे होते, जिन्याने दम लागलेला, भिंतीला हात टेकलेला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, थोडंसं हसले, आणि काही न बोलता पायपुसण्यावर पाय पुसायला लागले. आधी उजवा, मग डावा. मागच्या वेळी शिकवलेलं ते विसरले नव्हते.

आई त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"पाय पुसू नका," ती म्हणाली. "आत यायचं नाहीये."

त्यांना कळलं नाही. मलाही नाही कळलं.

"अगं, तूच म्हणालीस ना ये म्हणून?"

"म्हणाले होते. चुकलं माझं. मला वाटत होतं मी तुमची वाट बघतेय. मी माझ्या पोरीने सांगितलेली गोष्ट खरी व्हायची वाट बघत होते. त्या गोष्टीत तुम्ही नव्हतातच."

तिचा आवाज चढला नव्हता. तुला आठवतो तिचा खिडकीवरचा आवाज? रांगेत कुणी कितीही गयावया केली तरी न बदलणारा? तोच.

"मग मी जाऊ कुठे?" बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, ताई. त्यांना खरंच कुठे जायचं ठाऊक नव्हतं.

"तुमच्या धाकट्या भावाशी बोललेय मी. तो घेऊन जाईल. खाली दुकानापाशी येऊन थांबलाय. चहा झालाय, तो पिऊन जा. इथेच." तिने दारात स्टूल आणून ठेवलं. ते बसले, चहा प्यायले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत नाही, बाहेर नाही, ते कप रिकामा करेपर्यंत. एकदा ते म्हणाले, "तू थकलीस गं." ती म्हणाली, "हो."

मी त्यांना खाली सोडायला गेले. बॅग हलकी होती, आणि तिच्या हलकेपणाचंच मला वाईट वाटलं. कवळी मी परवाच पूर्ण केली होती, पर्समध्ये होती. जिन्याच्या वळणावर त्यांना थांबवलं आणि हातात दिली. त्यांनी तिथेच बसवली, दोनदा तोंड मिटून बघितलं. टोचतेय का विचारलं तर म्हणाले नाही. मग हसले. माझ्या हातची सगळ्यात चांगली कवळी आहे ती. दातांमुळे ते एकदम त्या पत्त्यांत फसवणाऱ्या नायकासारखे दिसले, आणि मला कळलं आईने या माणसात काय बघितलं होतं. काका रिक्षा घेऊन थांबले होते. मी हात हलवला नाही आणि आले वर.

वर आले तर आई मागच्या खोलीत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "त्या पियानोवालीचं ऐकलंस म्हणायचं शेवटी."

"तिचं कशाला ऐकू? पडद्यामागे लपली ती. मला नाही आवडलं ते." मग उशीला अभ्रा घालत म्हणाली, "आणि दार उघडलं की पुढे काय होतं, ते तुझ्या ताईने सांगितलंच नव्हतं. ते माझं मला बघायला लागलं."

नंतर मात्र ती दिवसभर पडून होती. जेवली नाही. मी केलेलं चिवडून उठली, पूर्वीसारखी. तिला बरं वाटतंय असं समजू नकोस. तिने जे केलं त्याचा तिला त्रास होतोय आणि तो होत राहणार. मलाही होतोय. जिन्यावरची त्यांची धाप अजून कानात आहे.

ट्रेलर

३० मार्च

ताई,

काल आईने विचारलं, "ताईच्या गावात थेटर आहे ना?"

आहे, आणि तिथे महिन्यातून एकदा रविवारी सकाळी जुना हॉलिवूड पिक्चर लावतात, हे माझ्या त्या भांडखोर म्हाताऱ्यांनी मला कधीच सांगून ठेवलंय. पुढच्या रविवारचा आपल्या तिघींपैकी कुणीच बघितलेला नाही. बर्फ आहे आणि एक टेलिफोन ऑपरेटर बाई आहे, एवढंच कळलं. ती शेवटी नोकरी सोडते की नाही ते म्हाताऱ्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. तीन तिकिटं काढलीत. तुझं या पाकिटात घातलंय.

आई म्हणते सुरुवातीपासून बसणार. चांगलं वीस मिनिटं आधी जाऊन. पण शेवटाला ती उठून बाहेर जाणार आहे. मी म्हटलं, अगं, आता कशाला, आता कुठली खिडकी? तर म्हणाली, "मी बाहेर गेले नाही तर ताई शेवट कुणाला सांगेल?"

मी विचारलं, "आणि तिने परत खोटा सांगितला तर?"

"तर मी तिला म्हणेन, आता खरा सांग. आणि तो ऐकताना तिला वाढेन."

मागच्या खोलीत पलंग, नवी चादर आणि खुर्ची तशीच आहे. खोके मी परत नेले नाहीत. ती खोली आई कुणासाठी ठेवतेय ते तिने सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

तू आलीस तर मी तुझ्या शेजारी बसेन, दाराजवळच्या खुर्च्यांवर. आई उठून गेली की शेवट आपण दोघी बघू. नंतर मी तोंड उघडणार नाही. तू चिमटा काढला नाहीस तरी.

ट्रेलर